मिरचीची शीर काढावी की कूट घालावं?

भरीत आणि शेवभाजी लेकरांनाही खाता यावी म्हणून काय करू, असं जळगावच्या मैत्रिणीनं विचारलं.

मिरचीचा जाळ मुख्यतः बियांत नसतो, बिया धरणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो. ती चमच्यानं खरवडली की तिखट उतरतं, वास राहतो. खर्च नाही, पण वेळ जातो आणि बोटं चुरचुरतात. आधी तेल लावा. दळलेल्या तिखटाला मात्र हा उपाय नाही.

दाण्याचं कूट मिनिटाचं काम. तिखट पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून नुसतं पाणी वाढवू नका. दहीही जाळ शमवतं, पण खानदेशी भरतात दही मला मुळीच चालत नाही.

भरीत-ठेच्याला शीर काढा. शेवभाजीचा रस्सा झणझणीत झालाच, तर कूट किंवा भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण.