पीएस४ वर स्ट्रीट फायटर ६ आताच घ्यावा, की थांबावं?

गेल्या रविवारी सुदामानगरला ताईकडे पोह्यांना गेलो होतो. पोह्यांवर जिरावण भुरभुरत होतो, तेवढ्यात भाच्याने फोन समोर धरला. “मामा, पीएस४ वर स्ट्रीट फायटर ६ घेऊ की पीएस५ घेईपर्यंत थांबू? की तो मार्व्हलवाला जुन्या गेम्सचा संच घेऊ? टेकन ७ पण स्वस्तात मिळतोय.”

तो पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, माझाच होता, मागच्या वर्षी त्याला दिला. या लढतीच्या गेमचे पैसे मात्र त्याने स्वतः साठवलेत, शेजारच्या दोन मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन. म्हणून “घे रे कुठलाही” असं म्हणून विषय संपवणं मला पटेना. घरी येऊन नीट विचार केला, तोच इथे मांडतोय. इंदूरच काय, कुठल्याही गावात ज्यांच्याकडे अजून पीएस४ आहे, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. त्याच्यासाठी स्ट्रीट फायटर ६, पीएस४ वरच, आणि आताच. तुमच्या घरी मात्र उत्तर वेगळं येऊ शकतं. ते कशावर ठरतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

पोर्टमध्ये नेमकं काय कापलंय

आर्केडचा (म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनचा) किंवा मोठ्या मशीनचा गेम लहान मशीनवर आणायचा, म्हणजे त्याचं पोर्ट करायचं, तर काहीतरी सोडावं लागतं. ते काय सोडलं, यावर पोर्टची किंमत ठरते.

माझ्या पिढीला याची दोन उदाहरणं पक्की आठवतात. पहिलं टेकन ३. आर्केडवर तो १९९७ ला आला आणि पहिल्या प्लेस्टेशनवर १९९८ ला. आर्केडमधलं सिस्टिम १२ हे टेकनवाल्या नामको कंपनीचं मशीन मुळात प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेलं होतं, फक्त जास्त ताकदीचं. घरच्या आवृत्तीत मैदानामागची दृश्यं सपाट चित्रांची केली. पण लढतीचा वेग, ठोशांची वेळ, हाताला मिळणारा प्रतिसाद, सगळं जपलं. वर टेकन फोर्स आणि टेकन बॉल हे दोन प्रकार नव्याने दिले. राजवाड्यामागच्या एका गल्लीत तासाच्या हिशेबाने प्लेस्टेशन मिळायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे बाकावर एकमेकांना खेटून बसायचो. मागचा डोंगर सपाट आहे, अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

दुसरं उदाहरण एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरचं. या गेमचा सगळा जीव जोडीदार बदलण्यात होता: लढत चालू असताना एक बाहेर जाणार, दुसरा उडी मारून आत येणार. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी, त्यात चार योद्ध्यांची चित्रं मावेनात. म्हणून त्या पोर्टमधून नेहमीची अदलाबदलच काढली आणि जोडीदार फक्त मदतीपुरता ठेवला. सेगा सॅटर्न या दुसऱ्या कन्सोलच्या जपानी आवृत्तीसोबत मात्र ४ एमबीची जादा मेमरी कार्ट्रिज लागायची, त्यामुळे तिथे अदलाबदल शाबूत राहिली. नाव तेच, पात्रं तीच, आणि दोन मशीनवर दोन वेगळे गेम.

म्हणून पोर्ट घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: सजावट कापली आहे की गाभा?

पीएस४ वरचा स्ट्रीट फायटर ६

हा गेम २ जून २०२३ ला पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर एकदमच आला. पीएस५ च्या शेजारी ठेवला तर पीएस४ चं चित्र उघडच मऊ दिसतं: केस, कपड्यांच्या चुण्या, मागची गर्दी, प्रकाश, सगळं थोडं उतरलेलं. हार्ड डिस्कमुळे लोडिंगला वेळ लागतो, तो चांगलाच जाणवतो. वर्ल्ड टूर, म्हणजे शहरात हिंडून कथा खेळायचा भाग, जुन्या मशीनला जड जातो. मे महिन्यात तर पंखा असा घोंघावतो की शेजारच्या खोलीत ऐकू यावा. त्यात साचलेली धूळ काढून घेतलीत तर फरक पडतो.

समोरासमोरची लढत मात्र ६० फ्रेमवर चालते, आणि इथेच माझा निर्णय होतो.

६० फ्रेम म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. या गेममधला सर्वांत जलद साधा ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा तो रंगाचे फटकारे उडवत येणारा जड वार २६ फ्रेमला लागतो, म्हणजे जेमतेम ०.४३ सेकंद. तेवढ्यात तुम्ही तो बघायचा, ओळखायचा आणि उलट वार करायचा. आता तुमच्या टीव्हीनेच चित्र दाखवायला ०.१ सेकंद उशीर केला, तर हातात राहिले ०.३३. माणूस तोच, सराव तोच, पण वार अंगावर बसतो आणि दोष पोर्टला दिला जातो.

ताईकडे नेमकं हेच चाललं होतं. भाचा म्हणत होता, “डेमोत बटण उशिरा लागतं, मामा, पीएस४ ला झेपत नाही.” मी त्याच्या फोनचा स्लो-मोशन कॅमेरा लावला. त्याचा फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतो, म्हणजे गेमच्या एका फ्रेमला चार. कॅमेऱ्यात त्याचा अंगठा आणि टीव्हीवरचा र्‍यू हा योद्धा, दोन्ही येतील असा फोन डब्यांवर टेकवला. बटण दाबलं त्या क्षणापासून र्‍यूचा खांदा हलेपर्यंत एकेक चित्र पुढे सरकवत आम्ही मोजलं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सिनेमाचा मोड काढला, गेम मोड लावला आणि पुन्हा मोजलं. चित्रांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ताई ओट्यापाशी उभी राहून आमचं हे मोजमाप बघत होती. नवा कन्सोल घ्यायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि खरी अडचण टीव्हीच्या एका बटणाची होती.

आणखी एक गोष्ट करता येते. पीएस४ च्या सेटिंगमध्ये कंट्रोलर ब्लूटूथऐवजी यूएसबी केबलने बोलेल असं ठरवता येतं. केबल नुसती जोडून भागत नाही, तो पर्याय निवडावा लागतो.

भाच्यासाठी हाच गेम का, याचं दुसरं कारण म्हणजे त्यातले मॉडर्न कंट्रोल. जुन्या पद्धतीत आगीचा गोळा फेकायला खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा, असा अंगठा गोल फिरवावा लागतो. मॉडर्नमध्ये तो एका बटणावर निघतो. बदल्यात एका बटणाच्या खास वारांची इजा २० टक्के कमी होते. मला हा सौदा न्याय्य वाटतो. नवा माणूस पहिल्याच संध्याकाळी लढतीत डोकं लावू शकतो आणि अंगठ्याची कला मागाहून शिकतो. मुळात १८ योद्धे मिळतात. धालसिमही आहे, १९९१ पासूनचा आपला लांब हातांचा योगी. नंतर आलेल्या योद्ध्यांसाठी पैसे वेगळे पडतात.

तिसरं कारण ऑनलाइनचं. इथे पीएस४ वाला पीएस५, एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांशी खेळू शकतो, त्यामुळे रात्री अकरालाही कुणीतरी सापडतं. नेटवर्कचा भागही पक्का आहे. यात रोलबॅक आहे: समोरच्याचं बटण पोचायची वाट न बघता गेम अंदाजाने पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर दोन-चार फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतो. ही पद्धत या खेळांत रुजवली ती टोनी कॅननच्या २००६ मधल्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरने. वाय-फायऐवजी राउटरपासून तार ओढली तर खरा फायदा मिळतो. एक खर्च मात्र धरून चाला: पीएस४ वर ऑनलाइन लढायचं तर पीएस प्लसची वर्गणी लागते. घरात दोघांनी खेळायला ती लागत नाही.

मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉमचा संच

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या या संचात सात जुने आर्केड गेम आहेत. त्यांत सहा लढतीचे आणि एक पनिशर, गुंडांना बडवत पुढे जायचा. ज्याची अदलाबदल प्लेस्टेशनने कापली होती, तो एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर इथे आर्केडसारखा पूर्ण मिळतो. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ मध्ये ५६ योद्धे आहेत आणि तीन-तीनची टोळी. पोर्ट म्हणून बघाल तर या तिघांत सर्वांत निर्मळ हाच, कारण पीएस४ ला हे गेम चालवताना श्वासही लागत नाही. चित्र जुन्या चौकोनी आकाराचं, कडांना सजावटीच्या पट्ट्या.

मग भाच्याला का नको? रोलबॅक इथेही आहे, पण वेगवेगळ्या मशीनवाल्यांना एकमेकांशी खेळता येत नाही. माझ्याकडे हा संच आहे, आणि संध्याकाळी ऑनलाइन सामना शोधताना मला बरेचदा वाटच बघावी लागते. शिवाय हे गेम वेगाने अंगावर येतात, शिकवत फारसं नाहीत. बाकावर खेटून बसलेल्यांना ते आधीपासून येतात, बारावीनंतरच्या मुलाला ते कोडं वाटतं. माझ्या वयाचा मित्र विचारेल आणि त्याच्या घरी शनिवारी रात्री सराफ्याला, आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, जायच्या आधी दोघंतिघं जमत असतील, तर मी त्याला बेलाशक हाच घ्यायला सांगेन.

वय झालं, आता हे कसलं, असं म्हणणाऱ्या मित्रांना मी एक नाव सांगतो: किम ग्वान-वू. हांग्झो आशियाई खेळांत २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक या कोरियन खेळाडूने जिंकलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

टेकन ७

घरी न खेळणारी माणसं जास्त येत असतील तर टेकन. दिवाळीत मामेभाऊ-आतेबहिणी जमल्या की पॅड, म्हणजे कंट्रोलर, हातोहात फिरतो. एडी गॉर्डो हा योद्धा निवडून नुसती लाथांची बटणं दाबत सुटलेली सात वर्षांची पोरगीही दादाला हरवू शकते. टेकन ३ मध्ये हे होतं, टेकन ७ मध्येही आहे. आर्केडनंतर २ जून २०१७ ला घरी आलेला हा गेम पीएस४ च्याच पिढीचा आहे, त्यामुळे इथे गाभ्याची कापाकापी झालेली नाही. ऑनलाइन पहिली काही वर्षं अडखळायचं. नोव्हेंबर २०२० च्या अपडेटने ते सुधारलं, तरी स्ट्रीट फायटर ६ इतकं गुळगुळीत नाही. आता बरेच खेळाडू टेकन ८ कडे गेलेत, आणि तो पीएस४ वर आलाच नाही.

थांबण्याबद्दल

स्ट्रीट फायटर ६ च्या पीएस४ आवृत्तीवर पीएस५ चं अपग्रेड फुकट मिळतं. म्हणजे आज घेतलेला गेम उद्याच्या मशीनवर वाया जात नाही, आणि थांबायचं सर्वांत मोठं कारण तिथेच गळून पडतं. एवढंच बघा: डिस्क घेतलीत तर पुढे डिस्क लागणाराच पीएस५ लागेल.

पीसीचा विचार भाच्यानेही केला होता. किमान गरज जीटीएक्स १०६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम; त्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्डच नाही. निंटेंडोच्या स्विच २ या कन्सोलवर हा गेम जून २०२५ मध्ये आला, पण निंटेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. दुरुस्तीला कुठे जायचं हे माहीत नसताना एवढे पैसे गुंतवू नयेत.

जुनी डिस्क घेणार असाल तर एक जपा. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून ‘सगळे योद्धे असलेली’ वापरलेली डिस्क घेतली. घरी आल्यावर कळलं की जादा योद्धे डिस्कवर नसतात, ते डब्यातल्या कोडने मिळतात, आणि तो कोड आधीच्या मालकाने केव्हाच वापरला होता. दुकानदाराने हात वर केले. तेव्हा वापरलेली डिस्क घ्यायचीच तर नुसत्या मूळ गेमची किंमत द्या, डब्यावर काहीही छापलेलं असो.

काल रात्री भाच्याला फोन करून सांगितलं: स्ट्रीट फायटर ६ घे, पीएस प्लस एवढ्यात नको, आधी महिनाभर ट्रेनिंग आणि घरातल्या लढती. त्याने विचारलं, “पण मामा, घरात लढू कुणाशी? पॅड तर एकच आहे.” शनिवारी जेल रोडला जाणारच आहे, दुसरा पॅड मी घेऊन येतो.