सरोद घर, ग्वाल्हेर : घाईत नका जाऊ

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता, तेरा वर्षांचा आहे, गिटार शिकतो. किल्ला, जयविलास त्याचं आधीच बघून झालेलं म्हणून बाबा म्हणाले चल, तुला सरोद घर दाखवतो. शहराच्या लश्कर भागात जीवाजी गंजला आहे, महाराज बाड्यापासून फार लांब नाही. ऑटोवाल्याला नुसतं सरोद घर म्हटलं तर कळलं नाही, जीवाजी गंज सांगा.

हे सरोदवादकांच्या बंगश घराण्याचं वडिलोपार्जित घर. हाफिज अली खाँसाहेब (१८८८-१९७२) इथले, शिंद्यांच्या दरबारात वाजवायचे, आणि अमजद अली खाँसाहेबांचा जन्मही ग्वाल्हेरचाच, १९४५ चा. त्या घराचं आता संगीताचं म्युझियम केलंय. जुनी वाद्यं, मोठमोठ्या गवयांचे-वादकांचे फोटो, सगळं आहे पण मला सगळ्यात आवडलं ते हे की घर घरच वाटतं, आवाज आपोआप खाली येतो.

खरी मजा सरोदपाशी आली. भाचा लगेच म्हणाला, आजोबा याला फ्रेट्स, म्हणजे पडदे, कुठेत? मग बाबांनी तिथेच उभं राहून सांगितलं की हे मूळचं अफगाणी रबाब, त्याला बोटं फिरवायची पट्टी लाकडी आणि तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, त्यामुळे सूर लवकर विरतो, आणि आपल्याला तर मींड हवी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सूर लांबायला हवा, म्हणून पुढे पट्टी पोलादाची आली, तारा धातूच्या आल्या, डाव्या हाताच्या नखाने तार दाबून घसरत न्यायची, मध्ये पडदा आला की अडलंच ना सगळं. उजव्या हातात तार छेडायला नारळाच्या करवंटीचा जवा. हे घडवण्यात गुलाम अली खाँ बंगश यांचं नाव घेतात, म्हणजे याच घराण्याचे पूर्वज! त्यांचं सरोद इथे ठेवलंय. भाचा पंधरा मिनिटं तिथून हलला नाही, काचेजवळ आपलं नख धरून बघत होता. शाळेच्या पुस्तकात हे कधी असं कळलं असतं का सांगा.

मला एवढंच वाटतं की इथे येताना घरातलं गाण्यातलं कुणीतरी म्हातारं माणूस सोबत आणा. आपल्याकडे मराठी घरांत अशी माणसं अजून आहेत, कुणी इथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेलं, कुणी ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडितांना समोर बसून ऐकलेलं. ते बोलायला लागले की प्रत्येक फोटो वेगळा दिसतो. बाबा एका फोटोपुढे बराच वेळ गप्प उभे होते, मी काही विचारलं नाही.

निदान दीड तास हाताशी ठेवा. आणि जमलं तर तिथूनच हजिऱ्याला तानसेनच्या समाधीवर जा, आम्ही गेलो. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो म्हणतात, भाच्याने दोन पानं खिशात टाकली, पुण्याला आईसाठी.