दीड हाती जर्मन तलवार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

‘दीड हाती’ म्हणजे दीड हात लांब नव्हे. उजवा पंजा मुठीवर पूर्ण मावतो, डाव्यासाठी अर्धीमुर्धी जागा उरते, आणि तो पंजा टोकाच्या गोळ्यावर, म्हणजे पोमेलवर टेकतो. त्यावरून हे नाव. ही प्रतिकृती मध्ययुगीन युरोपीय तलवारींच्या ओकशॉट वर्गीकरणातल्या ‘१५ ए’ प्रकारची, साधारण १४व्या शतकाच्या उत्तरार्धातली: टोकाकडे निमुळते होत जाणारे पाते आणि चपट्या शंकरपाळ्यासारखा छेद.

एकूण लांबी ११७ सेमी, पाते ९१ सेमी, वजन १.४६ किलो. पण विकत घेताना नुसते वजन पाहून फसगत होते. महत्त्वाची ती जाडी. या पात्याची जाडी गार्डजवळ, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीजवळ, ६ मिमी, मध्यावर ४ आणि टोकाआधी ३ मिमी आहे, म्हणून तोल गार्डपासून ११ सेमीवर येतो. सरसकट ५ मिमी पट्टीतून कापलेली स्वस्त तलवार तेवढ्याच वजनाची असली तरी हातात पहार धरल्यासारखी वाटते. घेण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी जाडी मोजाच.

फिरंग किंवा धोप या आपल्याकडच्या सरळ पात्याच्या तलवारी फिरवणाऱ्यांना पहिले काही आठवडे अवघड जातात. (जुन्या फिरंगांची कित्येक पाती जर्मनीतूनच आलेली आहेत, मूठ मात्र इथली.) तिथे मुठीच्या टोकाची चकती मनगटाला अडवते, त्यामुळे वार खांद्यातून येतो. इथे मनगट मोकळे असते आणि डावा हात पोमेल ओढून पाते फिरवतो. मध्ययुगीन जर्मन तलवारबाजीच्या लिख्टेनाउअर परंपरेतल्या ‘झ्वेर्खहाउ’ या आडव्या वारात तर अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर टेकवावा लागतो. या तलवारीच्या गार्डची आतली कड तिथे अंगठ्याला काचते. बारीक कानशीने ती अर्धा मिमी गोल केली की त्रास संपतो. कारखान्यातच व्हायला हवे होते हे काम.

खरी तक्रार मुठीची. तिसऱ्या महिन्यात ती खुळखुळू लागली. आतल्या लाकडात टँगसाठी, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटासाठी, पाडलेली खाच सैल होती, आणि उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर तो सैलपणा उघडा पडला. तपासायची रीत सोपी: तलवार उभी धरून पोमेलवर दुसऱ्या हाताच्या वळलेल्या मुठीने हलका ठोसा द्यायचा. घट्ट जोडणीचा आवाज बद्द येतो, सैल असेल तर झणझणतो. या मॉडेलचा पोमेल नटाने आवळलेला आहे म्हणून दुरुस्ती घरी होते. नट काढा, अर्धा मिमी जाडीच्या बांबूच्या चिपा टँगच्या दोन्ही बाजूंना घाला, इपॉक्सी भरा, सगळे परत बसवून नट आवळा आणि २४ तास हात लावू नका. चामड्याचा वायसर घालू नये; तो दबत जातो आणि महिन्याभरात नट पुन्हा ढिला. टँगचे टोक ठोकून रिव्हेट केलेले मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे, मात्र त्याची दुरुस्ती लोहाराकडेच होते.

पोलाद ईएन ४५, गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे. वाकून सरळ होते, पण गंजते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवली तर चार दिवसांत तांबूस ठिपके पडतात, कारण कातडे ओल धरते. म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरते वापरा. वापरानंतर बोटांचे ठसे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब मलमलीने फिरवा. गोडे तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. ठिपके पडलेच तर तेलात भिजवलेला ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, लांबीच्याच दिशेने.

धार नाही, कड दीड मिमीची बोथट. तरीही जोडीदारासोबत मोकळ्या झुंजीला ही वापरू नका. टोक ताठ आहे, भोसकताना वाकत नाही. त्यासाठी लवचीक ‘फेडर’, म्हणजे झुंजीच्या सरावासाठीची वाकणारी तलवारच हवी. ठरवून केलेल्या संथ जोडसरावात कडेवर खाचा पडतात आणि खाचेच्या ओठाला वर आलेला पत्रा हातमोजा फाडतो. म्हणून दर सरावानंतर कडेवरून जाड कापड ओढून बघायचे. जिथे अडकेल तिथे कानस.