मॅगेलन की लेगाझ्पी?

भाचीला फिलिपिन्सवरच्या प्रकल्पासाठी, स्पेनच्या मोहिमा घेऊन तिथे गेलेल्या या दोघांतला एक निवडायचाय.

मुक्काम: मॅगेलन १५२१ मध्ये सेबू बेटावर पोचला आणि तीन आठवड्यांत शेजारच्या मक्तान बेटावर तिथला प्रमुख लापुलापू याच्या माणसांकडून मारला गेला. वसाहत शून्य. मेक्सिकोहून निघालेला लेगाझ्पी १५६५ मध्ये आला तो राहायलाच. सेबूवर तोफा डागल्या, घरं जळाली (कौतुकाच्या लेखांत हे हमखास गळतं). त्यातल्याच एका घरात त्याच्या सैनिकाला बाळ येशूची मूर्ती सापडली, मॅगेलनच्या मोहिमेने भेट दिलेली! १५७१ मध्ये मनिला ताब्यात घेऊन त्याने तिथेच राजधानी केली.

परतीची वाट (फिलिपिन्सहून मेक्सिकोला): लेगाझ्पीसोबतच्या उर्दानेता या धर्मगुरू-दर्यावर्दीने शोधली, म्हणून मनिला ते अकापुल्को (मेक्सिकोचं बंदर) व्यापार १८१५ पर्यंत चालला.

साहित्य: मॅगेलनचं सोपं, त्याच्या मोहिमेतल्या पिगाफेत्ताचा वृत्तांत आहे.

साहसकथा रंगवायची तर मॅगेलन घे; वसाहत कशी रुजली हे मांडायचं तर लेगाझ्पीच.