लालबागचे पोळीभाजी केंद्र : पोळ्या उत्तम, वेळ गैरसोयीची

करी रोड स्थानकातून लालबागच्या बाजाराकडे जाताना एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर एक दाम्पत्य पोळीभाजी केंद्र चालवते. गेली दोन वर्षे आठवड्यातून चार दिवस आमच्या पोळ्या तिथूनच येतात.

10 रुपयांची पोळी घडीची, मऊ आणि कडेपर्यंत भाजलेली असते. रात्री उरलेली सकाळच्या डब्यालाही चालते. भाज्यांमध्ये दुधी-चणाडाळ आणि मटकीची उसळ आवर्जून घ्यावी. बटाट्याच्या भाजीत तेल फार असते.

मला मनापासून लिहायचे आहे ते मात्र तव्यापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांविषयी. 2020 च्या टाळेबंदीत छापखान्यातली नोकरी गेल्यावर त्यांनी पत्नीकडून पोळी लाटायला शिकून घेतले. आज मळणे, लाटणे, भाजणे त्यांच्याकडे आहे. बाजारहाट, हिशेब आणि उधारीची वही बाई सांभाळतात. फडक्याच्या बोळ्याने कड दाबत ते पोळी फुगवतात, तेव्हा गिऱ्हाइकाकडे मान वर करूनही पाहत नाहीत.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे सासरे होते. सासूबाईंनी डबे करून संसार चालवला. पण पहाटेचे पाणी, भांडी आणि मुलांचे आजारपणही त्यांनीच काढले. कमाई हाती आली म्हणून घरातले एकही काम त्यांच्या हातून सुटले नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणातही, घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88. त्यामुळे त्या गृहस्थांच्या हातातले लाटणे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या घरी यामुळे माझा रोजचा पाऊण तास वाचला. घरून काम करणारे माझे पती पोळ्या आणायला जातात, आणि तिथे उभे राहून पाहता पाहता तेही कणीक मळायला शिकले. किती पोळ्या हव्यात, हे विचारणारा त्यांचा फोन मात्र अजून मलाच येतो.

तक्रार एकच, केंद्र आठला बंद होते आणि फोर्टहून लोकलने येणाऱ्या बायकांना ती वेळ गाठता येत नाही. बाईंना तसे म्हटले, तर त्या म्हणाल्या, "साडेआठला आम्ही दोघं एकत्र जेवतो, ती वेळ मोडायची नाही." चारपर्यंत फोन केल्यास नाव लिहिलेली पिशवी शेजारच्या वाण्याकडे ठेवतात. रविवारी केंद्र बंद असते.