दारातला जलजीवनचा नळ, दोन वर्षं वापरून सांगतो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव आमचं, नाव लिहीत नाही, उगंच परत पंचायतीत कोणतरी विचारतंय. जलजीवन मिशनचा नळ दारात येऊन दोन वर्षं झाली, दोन उन्हाळे दोन पावसाळे बघून झाले, तर म्हटलं आता लिहूया. योजना २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेली, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात द्यायचं, आणि आमच्याकडं निम्मा पैसा केंद्राचा निम्मा राज्याचा. मुदत आता २०२८ पर्यंत वाढवलीय.

वस्तू म्हणून नळ झकास आहे. काँक्रीटचा खांब, मीटर, चावी (म्हणजे तोटी), दोन वर्षांत एकदाच वायसर बदलला. आईचं पावसाळ्यात विहिरीवर जाणं बंद झालं हे तर सगळ्यात मोठं, पावसात त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून दोन कळश्या घेऊन चढणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बिल मात्र नुसतं कन्नडमध्ये येतंय, आई मला वाचायला लावती आणि मी शेजारच्या पोराला.

आता पाणी. मी बादली आणि मोबाईल घेऊन बसलो. जुलैत रोज तासभर पाणी सुटतंय, १५ लिटरची बादली दोन मिनिटांत भरती, म्हणजे तासाला ४५० लिटर, घरात आम्ही पाच जण म्हणजे २७५ लागतंय, पास. मे महिन्यात मोजलं तर दिवसाआड अर्धा तास आणि तीच बादली भरायला पाच मिनिटं. सहा बादल्या, ९० लिटर, दोन दिवसाला! हवं होतं ५५०. त्यात वरच्या आळीत दोघातिघांनी नळाला टिल्लू, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर, लावलाय, त्यांनी बटण दाबलं की आमच्या चावीतून नुसती फुसफुस.

गावाला पाणी सोडणाऱ्या वॉटरमन अण्णाला विचारलं तर म्हणाला, टाकी नवी, पाईप नवी, पण बोअर तोच जुना की ओ, मेमध्ये हवा मारायलाय, मी काय करू? त्याचं काय चुकत नाही. पैसा सगळा पाईप आणि टाकीत गेला, दिसणाऱ्या गोष्टीत. पाणी जिथनं येणार तिथं काय? गावच्या तळ्यात माझ्या लहानपणापासूनचा गाळ तसाच आहे, रोजगार हमीतनं काढता आला असता. आमच्याकडं पाऊस काय कमी पडतोय का, मलप्रभा उगवतीय आमच्याच कणकुंबीला, पुढं सौंदत्तीच्या धरणात अडवून तेच पाणी हुबळी धारवाड पितंय, आणि आम्ही मेमध्ये कळशी घेऊन परत विहिरीवर. जांभ्याची जमीन, पडलेलं पाणी लगेच निचरून खाली ओढ्याला जातंय, अडवलं नाही तर कशाला थांबेल.

पाईप टाकणाऱ्या कंत्राटदाराबद्दल एकच सांगतो, गल्लीतला काँक्रीट रस्ता फोडला आणि वर मुरूम टाकून गेला, पहिल्या पावसात तो मुरूम गटारीत आणि आम्ही चिखलात.

चौकातल्या पाच रुपयांच्या फिल्टरबद्दल पण लिहितो, लोक नळाचं सोडून कॉइन टाकून कॅन भरतात. मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर ऑनलाईन मागवला, विहिरीचं पाणी १०० च्या आत दाखवतंय, मर्यादा ५०० ची. मग क्षार काढणारा हा आरओ फिल्टर कशाला? अथणी रामदुर्गकडं बोअर मचूळ आहे, तिथं समजू शकतो, आमच्याकडं आहे ते गोड पाणी गाळून निम्म्याहून जास्त गटारीत सोडायचं म्हणजे वेडेपणा झाला. आमचा त्रास क्षार नव्हे, पावसाळ्यातले जंतू. त्याला क्लोरीन पुरतं, फक्त ते नियमानं टाकायला हवं आणि आपल्या चावीपाशी पोचतंय का बघायला हवं, लिटरला ०.२ मिलीग्रॅम तरी. गावातल्या पाच बायकांना तपासणीचं किट देऊन शिकवायचं असं योजनेतच आहे, आमच्याकडं किट कपाटात बंद आहे बहुतेक, एकदा ग्रामसभेत मागितलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

पाचपैकी मार्क द्यायचे तर नळाला चार, पावसाळ्यातल्या पाण्याला साडेतीन, मेमधल्या पाण्याला एक, तो पण वॉटरमन अण्णाच्या तोंडाकडं बघून.

ज्यांच्या गावात काम चालू आहे त्यांनी एवढं करा, कंत्राटदार जायच्या आत प्रत्येक आळीत शेवटच्या घरात बादली लावून मोजा, वरच्या घरात नव्हे. आणि पाणी सुटल्यावर पहिली दोन मिनिटं पिण्यासाठी भरू नका, बंद पाईप रिकामी असती, टिल्लूनं ओढलं की गटारीतलं पण फुटक्या जॉइंटमधनं आत येतंय. आम्ही ते झाडांना घालतो, मिरची झकास आलीय यंदा.