कोपऱ्यावरचं किराणा दुकान, सदाशिव पेठ

२३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड. तरी कितीतरी दुकानांत पातळ पिशव्या अजून गल्ल्याखालून निघतात. इथे नाही निघत, म्हणून मी लांबून इथे येते. पोहे, तूरडाळ कागदी पुड्यांत, वर दोरा गुंडाळून. स्वतःचा डबा नेला तर आधी रिकामा तोलतात, न सांगता. पिशवी विसरलात तर २० रुपये अनामत ठेवून जुन्या साडीची शिवलेली पिशवी देतात. परत केली की पैसे परत. जुलैत मात्र साखरेचा पुडा भिजून वाटेतच फुटला, फार हळहळ वाटली. पावसाळ्यात जाड कागद ठेवाच, काका!